माझ्याकडनं उघडा राहिला

“सर, कुणीच काही केलेलं नसेल, तर त्या वाक्याचा कर्ता कोण?”

प्रश्न विचारून झाल्यावर राजनंदिनी थोरबोलेच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत आणि अख्खी दहावी ‘ब’ आपल्याकडे बघतेय. मागच्या बाकावरून वैभवीनं तिच्या वेणीला हळूच हिसका दिला. त्याचा अर्थ, शाब्बास, भडंगाची पुडी तुझी! पैज अशी होती की मगदूम सरांची बोलती बंद होईल असा एक प्रश्न इंग्रजीच्या तासाला विचारायचा. प्रश्न रचला वैभवी आणि अल्फियानं, मधल्या सुट्टीत, एकाच डब्यातला भात खाता खाता. विचारायला अर्थातच नंदीला पुढं केलं.

राजनंदिनीची ‘नंदी’ झाली पाचवीत आणि ‘नंदीबैल’ झाली सहावीत. आठवीपर्यंत ती होतीही तशीच. सर काहीही बोलले की मान हलवायची, आणि प्रश्न आला की बाकाखाली पडलेलं पेन शोधायची. मग शाळेत ‘अन्वय’ हे वाक्यं तपासणारं यंत्र आलं आणि पोरगी बदलली. आता ती तासाला दोनदा तरी हात वर करायची, घोषणापट्ट्यांवरच्या चुका काढायची, पप्पांच्या दुकानाच्या पाटीतला ऱ्हस्व-दीर्घ सुधारून यायची. अल्फिया म्हणायची, “हिचं तोंड उघडलं ते आता बंद करायला पाना लागेल!”

मगदूम सरांनी चष्मा कपाळावर चढवला. सर रागावले की इंग्रजीत बोलत आणि खूश झाले की तासगावच्या मराठीत.

“बस खाली, थोरबोले. न्हाई, थांब, उभीच रहा. ह्या प्रश्नाला उभं राहायचाच मान आहे.” त्यांनी फळ्यावर इंग्रजीत तीन शब्द लिहिले, द कप ब्रोक. कप फुटला. भिंतीवरच्या पडद्यानं ते वाचलं आणि अन्वयनं त्याच्या त्या निर्विकार आवाजात सांगितलं, “कर्ता सापडला नाही. कर्तृत्वांक दोन. लपवाछपवीची शक्यता.”

वर्ग खो खो हसला.

“बघितलं? कप आपला आपण फुटला म्हटलं की अन्वयकाका म्हणतात, ताकाला जाऊन भांडं लपवताय,” सर म्हणाले. “तवा परीक्षेत काय करायचं?”

“कर्ता द्यायचा!” सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. दोन वर्षं तेच तर शिकत होते.

अन्वय करायचं ते एवढंच. द्राक्षाचा घड देठाला धरून उचलावा तसं ते वाक्य क्रियापदाला धरून उचलायचं. मग कुठला शब्द कुठल्या काडीला लागलाय, हे काम करणारा कोण, सोसणारा कोण, करणाऱ्याला आपण काय करतोय ते ठाऊक होतं का, हे सगळं तपासायचं. त्यानं म्हणे कोट्यवधी वाक्यं वाचली होती, आणि प्रत्येक वाक्यामागं खरोखर काय घडलं होतं तेही त्याला शिकवलं होतं. त्यावरून ते शून्य ते शंभरमध्ये एक अंक द्यायचं. वाऱ्यानं दार उघडलं, बारा. त्यानं दार उघडलं, सत्तर. तो दार उघडं टाकून निघून गेला, पंचाऐंशीच्या पुढं, कारण त्यात दार उघडं आहे हे त्याला माहीत होतं आणि तरी तो गेला.

मुळात हे यंत्र जन्मलं साहित्याच्या वर्गासाठी. नाटकातला राजा दरबारात म्हणतो, “चुका झाल्या.” कुणाच्या झाल्या? अन्वय ‘झाल्या’खाली लाल रेघ ओढायचं आणि पोरांना कळायचं की महाराज कुठं लपलेत. नंदीला ह्याचं वेडच लागलं होतं. कवितेतली, भाषणातली, जाहिरातीतली लपलेली माणसं कानाला धरून बाहेर ओढायची! पण वर्गात जे चालतं ते बाहेर चालायला वेळ लागत नाही. आधी विमावाल्यांनी अन्वय घेतलं, मग कारखान्यांच्या चौकशी अधिकाऱ्यांनी. माणूस खोटं बोलेल, व्याकरण खोटं बोलत नाही, असं त्यांच्या कार्यालयांत लिहिलेलं असायचं. अपघात झाला की पहिलं निवेदन अन्वयला द्यायचं. अंक ऐंशीच्या वर गेला की जाणूनबुजून निष्काळजीपणा, आणि कागद पोलिसांकडं.

सर पुढं काहीतरी सांगणार होते. “पण मराठीत बघा हं, पोरींनो...” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, आणि बाहेर भोंगा वाजायला लागला.

गावाबाहेरच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा भोंगा. पाठोपाठ खिडकीतून वास आला, नाकात सुई घुसावी तसा. अमोनिया. तासगावातल्या पोरांना तो वास ओळखायला शिकवावा लागत नाही. पाच मिनिटांत शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं दोन नावं घेतली. वैभवी लुगडे. राजनंदिनी थोरबोले.

नंदीची आई भारती त्या स्टोरेजच्या मशीन रूममध्ये ऑपरेटर होती. वैभवीचे वडील, तानाजीकाका, तिथंच पेट्या लावायच्या कामावर. दोघी हात धरून धावल्या. फाटकाशी पोचल्या तेव्हा आई ओल्या टॉवेलनं तोंड झाकून खाली बसली होती, आणि तानाजीकाकांना रुग्णवाहिकेत चढवत होते. त्यांनी दोन्ही तळहात डोळ्यांवर घट्ट दाबून धरले होते. वैभवीनं नंदीचा हात सोडला आणि ती रुग्णवाहिकेत चढली.

*

तीन दिवसांनी आईला निवेदन द्यायचं होतं. फॉर्म मोबाईलवर आला होता आणि इंग्रजीतच भरायचा होता. अन्वयची मराठी आवृत्ती ‘तयार होत’ होती. गेली दोन वर्षं ती तयारच होत होती.

“माझं इंग्रजी म्हणजे ऑन, ऑफ आणि डेंजर,” आई म्हणाली. तिचा आवाज अजून बसलेला होता. “नंदे, तू लिही. मी मराठीत सांगते तसं.”

तिनं वहीचं एक पान फाडून त्यावर आधी स्वतःच्या हातानं लिहिलं. तीनच वाक्यं. ‘तेल काढायचा व्हॉल्व्ह धरून उभी असताना दोन नंबरच्या खोलीतून ओरडण्याचा आवाज आला म्हणून हात सोडून पळाले. हात सोडला की तो आपोआप मिटतो, पण मिटला नाही. गडबडीत माझ्याकडनं उघडा राहिला.’

नंदीनं ते इंग्रजीत केलं, शब्दाला शब्द. मग वाटलं, चौकशीच्या साहेबांकडं पाठवण्याआधी एकदा आपल्या शाळेच्या खात्यात घालून बघावं. आईचं निवेदन आणि त्यात चुका? थोरबोले घराण्याची अब्रू!

अन्वयनं सगळं लाल केलं. ‘मिटला नाही’ ह्याच्याखाली, कर्ता सापडला नाही, अनावश्यक तपशील. ‘माझ्याकडनं उघडा राहिला’ ह्याच्याखाली, कर्ता अस्पष्ट, लपवाछपवीची शक्यता.

आई आणि लपवाछपवी! जी बाई दूधवाल्यानं चुकून जास्त दूध घातलं तर त्याच्यामागं गल्लीच्या तोंडापर्यंत जाते!

तिनं दुसरा मसुदा केला. मग तिसरा. मधलं वाक्य काढून टाकलं. कर्ता पुढं आणला, क्रियापद ठसठशीत केलं, वर्गात करायची तसंच. शेवटी उरलं एकच वाक्य. आय लेफ्ट द व्हॉल्व्ह ओपन अँड वेंट टू चेंबर टू. सगळं हिरवं! स्पष्टता, दहापैकी साडेनऊ. खालच्या कर्तृत्वांकाकडं तिनं बघितलंच नाही.

“झालं?” आईनं विचारलं.

“एक नंबर झालं. आता कुणी म्हणणार नाही तू काही लपवतेस.”

खाली एक ओळ होती, ‘वरील वाक्यं माझी स्वतःची आहेत.’ आईनं बोटानं सही केली आणि नंदीच्या डोक्यावरून हात फिरवला. “बरं झालं बाई तू शिकलीस,” ती म्हणाली.

*

अहवाल आठव्या दिवशी आला. कर्तृत्वांक एक्क्याण्णव.

पप्पांनी तो दुकानात उभ्या उभ्या वाचला. त्यांचं मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान होतं, आणि हातातली तांब्याची तार सुटून फरशीवर गरगरत गेली तरी त्यांनी ती उचलली नाही. ‘ऑपरेटरला व्हॉल्व्ह उघडा असल्याची जाणीव होती. ती जाणीव असताना तिनं जागा सोडली. कर्ता निश्चित. यंत्रसामग्रीची तपासणी आवश्यक नाही. चौकशी पूर्ण.’ आईला कामावरून दूर केलं होतं. कागद पंधरा दिवसांनी पोलिसांकडं जाणार होते. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असंही त्यात साध्या बारीक अक्षरांत होतं, जशी बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते.

“पण मी असं म्हणाले न्हाई,” घरी अहवाल वाचून दाखवल्यावर आई म्हणाली. एकदाच. मग नंदीच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि पुन्हा बोलली नाही. ती उठून आत गेली आणि निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी शाळेत वैभवीनं बाक बदलला होता. अहवाल गावभर झाला होता, सगळ्यांच्या मोबाईलवर होता.

“वैभे...”

“बोलू नको माझ्याशी.” वैभवीचे डोळे सुजले होते. “माझ्या पप्पांना उजव्या डोळ्यानं दिसणार नाही बहुतेक. आणि तुझ्या आईनं स्वतःच लिहून दिलंय, उघडा टाकून गेले म्हणून. टाकून! कुणाचं पोर आत आहे, कुणाचा बाप आत आहे, काही नाही. गेली!”

“तसं नाही गं ते!”

“मग कसं? तूच म्हणतेस ना, व्याकरण खोटं बोलत नाही?”

अल्फिया दोघींच्या मध्ये उभी होती. तिनं एकदा हिच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि मग वैभवीच्या खांद्यावर हात ठेवला. नंदीला तिचा राग आला नाही. तिनंही तेच केलं असतं.

त्या दिवसापासून नंदीचं डोकं एकाच वाक्याभोवती फिरायला लागलं. जेवताना, गणिताच्या तासाला, केस विंचरताना, लेफ्ट, लेफ्ट, लेफ्ट. तिनं चौकशीच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिकडून यंत्रच बोललं. ‘निवेदनात बदल हवा असल्यास मूळ निवेदनातच चूक असल्याचा पुरावा, तारीख-वेळेसह, पंधरा दिवसांत सादर करा. नवीन साक्ष स्वीकारली जाणार नाही.’ आईचा फाटलेला कागद होता की! पण कागदावर तारीख-वेळ कुठली? काल लिहिला म्हणतील. पप्पा वकिलाकडं जाऊन आले, तेही हेच घेऊन.

सातव्या दिवशी ती कुणालाही न सांगता बसनं मिरजेच्या रुग्णालयात गेली. तानाजीकाकांच्या खाटेशी वैभवी नव्हती, खाली औषध आणायला गेली होती. काकांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या.

“कोण?”

“मी... नंदी. थोरबोलेंची.”

काकांनी मान आवाजाच्या दिशेला वळवली. नंदीला वाटलं, आता हाकलतील, आणि हाकललं तर बरंच होईल.

“तुझी आई मलाच काढायला आली होती, माहिताय का?” ते म्हणाले. प्रत्येक शब्दामागं घरघर होती. “पेट्यांची थप्पी माझ्या पायावर पडली. मी बोंब मारली. ती पळत आली, पेट्या उचलल्या. तवर वास सुटला.”

“काका, व्हॉल्व्ह...”

“आता हात सोडला की मिटतोय की तो! स्प्रिंगचा दांडा आहे त्याला. म्हणून तर बिनघोर सोडून आली. स्प्रिंग मेलेली होती, तेलामागनं अमोनिया सुटला. भारतीताईनं दोनदा सांगितलंय स्टोरेजच्या साहेबाला माझ्यासमोर.” त्यांनी हवेत हात चाचपडला. “मला कुणी विचारलंच न्हाई. पट्ट्या बांधलेल्या माणसाला काय दिसतंय म्हणून असंल.”

मागं कुणीतरी उभं होतं. नंदीनं वळून बघितलं. औषधाची पिशवी हातात धरून वैभवी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही, जवळही आली नाही. फक्त म्हणाली, “मग असं का लिहिलं तुझ्या आईनं?”

‘तिनं नाही, मी’ एवढे तीन शब्द नंदीला म्हणता आले नाहीत. ती जिना उतरून खाली आली आणि रुग्णालयाच्या फाटकाशी, रिक्षावाल्यांच्या देखत, ढसाढसा रडली.

*

मगदूम सर शाळा सुटल्यावर वर्गातच वह्या तपासत बसायचे. नंदीनं त्यांच्यासमोर आईचा कागद ठेवला, त्याच्याशेजारी अहवाल ठेवला आणि सगळं सांगितलं. कसं लिहिलं, काय कापलं, का कापलं. मग सरांनी आईचं शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचलं.

“माझ्याकडनं उघडा राहिला. थोरबोले, ‘राहिला’चा कर्ता कोण?”

“व्हॉल्व्ह,” नंदी नाक ओढत म्हणाली.

“मग तुझी आई कुठं आहे ह्या वाक्यात?”

“‘माझ्याकडनं’मध्ये.”

“हां. म्हणजे ती पळून गेलेली न्हाई. हजर आहे, मान खाली घालून. पण तिनं ठेवला न्हाई. उघडा ठेवला वेगळं, उघडा सोडला वेगळं, उघडा राहिला वेगळं. आपल्याकडं लहान पोरगंसुद्धा म्हणतं, आई, माझ्याकडनं ग्लास फुटला. त्यात कबुलीपण आहे आणि हेतू नव्हता हेपण आहे. इंग्रजीतल्या ‘लेफ्ट’मध्ये ठेवणं, सोडणं, राहणं, तिन्ही एकाच पोत्यात भरलंय. शिवाय तू पुढं ‘अँड वेंट’ जोडलंस. यंत्राला वाटलं, बाईनं बघितलं, ठरवलं, चालती झाली.” सरांनी कागदावर बोट ठेवलं. “आणि हे बघ. ‘राहिला’ म्हटलं की ऐकणारा विचारतो, कसा राहिला? मग माणूस उठून व्हॉल्व्ह बघायला जातो, त्याची स्प्रिंग बघतो. ‘आय लेफ्ट’ म्हटलं की विचारायला काही उरतच न्हाई. कर्ता सापडला, फाईल बंद.”

“मला वाटलं, ते प्रामाणिक दिसेल.”

“तुला का वाटलं ते मला माहिताय.” सरांनी चष्मा काढला आणि तो पुसतच राहिले. “दोन वर्षं मी तुम्हाला लाल रेघेला भ्यायला शिकवलं. त्या दिवशी हेच सांगणार होतो की मराठीचं निराळं आहे. पण खरं सांगू? परीक्षेत येत न्हाई म्हणून मीही ते वर्षाच्या शेवटी शेवटी सांगायचो.”

खिडकीबाहेर मैदानावर कबड्डी चालली होती. कुणीतरी दम लावत होतं, कबड्डी कबड्डी कबड्डी.

“सर, खात्यात मसुदे असतात ना? पहिला, दुसरा, तिसरा?”

सर चमकले. “तू शाळेच्या खात्यात घातलंस हे?”

“हो.”

“असतात. तारीख, वेळ, सेकंदासकट. यंत्र काही पुसत न्हाई.”

“मग तो पुरावा झाला!” नंदी उभीच राहिली. “पहिल्या मसुद्यात आईची तिन्ही वाक्यं आहेत, अपघातानंतर तिसऱ्या दिवशीची! सर, मग झालं की!”

“खाली बस, बाळ.”

सरांनी तिला कधी बाळ म्हटलं नव्हतं. नंदी बसली.

“बाहेरच्या माणसाचं निवेदन शाळेच्या खात्यातून घासूनपुसून घ्यायचं न्हाई असा नियम आहे. खातं उघडताना तुम्ही सगळ्यांनी न वाचता ‘मान्य’ दाबलेलं आहे. पोरांनी बापाचे, काकाचे जबाब गुळगुळीत करून द्यायला सुरुवात केली होती, म्हणून केला नियम. उघडकीला आलं की खातं वर्षभर बंद. त्यात सूट न्हाई. आणि बोर्डाचा इंग्रजीचा पेपर त्याच खात्यावर होतो.”

“म्हणजे दहावी...”

“म्हणजे ह्या वर्षी दहावी न्हाई. तुझ्याबरोबरच्या सगळ्या पुढं जातील. निकालपत्रकावर कायमचा शेरा राहील. आणि चौकशीचे साहेब तुझे मसुदे मानतीलच, असं वचन मी देऊ शकत न्हाई. मानायला पाहिजेत. मी बरोबर येईन. ‘कडून’ म्हणजे काय ते त्यांना फळ्यावर लिहून दाखवीन. पण यंत्रानं एकदा नाव घेतलं की माणसाला ते मागं घ्यायला लाज वाटते.”

“नाही मानले तर?”

“तर तुझं वर्षही गेलं आणि आईचंही व्हायचं ते झालं.” सरांनी वह्या गोळा केल्या आणि त्या पुन्हा तिथंच ठेवल्या. “मी तुला जा म्हणणार न्हाई, जाऊ नको म्हणणार न्हाई. घरी विचार.”

*

घरी शुक्रवारची संध्याकाळ होती. आई भाकरी थापत होती. कामावर जायची तेव्हा ती भरभर थापायची, आता एकेका भाकरीला जीव लावल्यासारखी थापायची, कारण दुसरं करायला काही नव्हतं. पप्पा भिंतीला टेकून बसले होते. मुदत संपायला तीन दिवस उरले होते.

नंदीनं सगळं सांगितलं. मसुदे, नियम, खातं, वर्ष. आईचा हात थापता थापता थांबला.

“न्हाई,” ती म्हणाली.

“आई, ऐकून तर घे!”

“ऐकलं. न्हाई म्हटलं ना! माझं काय गं? माझं शिकून झालंय, संसार झालाय. दोन वर्षं म्हणतात, कदाचित सहा महिन्यांत सोडतील. मी काढीन. तुझ्या नावावर डाग नको.” भाकरी काठाला फाटली. तिनं ती पुन्हा गोळा केली. “लोक विचारतील, पोरगी नापास झाली का? काय सांगू?”

“आणि आई जेलात आहे हे काय सांगू मी?”

“नंदू,” पप्पा म्हणाले, “आवाज खाली.” मग त्यांचाच आवाज फाटला. “भारती, ती म्हणतेय त्यात... मी मोटारी दुरुस्त करतो गं. स्प्रिंग मेली की दांडा परत येत न्हाई. हे शेंबड्या पोराला कळतं आणि तेवढ्या मोठ्या मशीनला कळत न्हाई!” त्यांनी कपाळ दोन्ही हातांत धरलं. “पण पोरीचं वर्ष. एकुलती एक पोरगी. आणि साहेबांनी नाहीच मानलं तर? एकीच्या जागी दोघी बुडाल्या. मला काही सुचत न्हाई बघ. खरंच सुचत न्हाई.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. कुणी उलटली नाही. नंदीनंच पुढं होऊन ती उलटली, बोट भाजलं, आणि त्या चटक्यानं तिला एकदम हायसं वाटलं, की निदान हे तरी सरळ आहे. भाजलं की भाजलं.

“तू त्या दिवशी नंदीनंच लिहिलं म्हणून सांगितलं का नाहीस?” तिनं आईला विचारलं. “अहवाल आला तेव्हा? ‘मी असं म्हणाले न्हाई’ एवढंच म्हणालीस आणि गप्प बसलीस.”

“तुझं तोंड बघितलं,” आई म्हणाली. “पांढरंफटक पडलेलं. त्या दिवशी मोठ्या हौसेनं लिहून दिलंस, एक नंबर झालं म्हणालीस. आता त्यावर बोट ठेवलं तर पोर पुन्हा तोंड मिटून बसंल, असं वाटलं. आठ वर्षं मी तुझं तोंड उघडायची वाट बघितलीय.”

नंदीनं आईकडं बघितलं. पिठानं माखलेले हात, अमोनियानं अजून लाल असलेले डोळे. मग तिनं हात धुतले, ओढणीला पुसले आणि मोबाईल उचलून वैभवीला फोन लावला. पहिल्यांदा तिकडून कट झाला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा उचलला गेला.

“वैभे, मी आहे. नुसतं ऐक,” ती म्हणाली. “तू मिरजेत विचारलंस ना, आईनं असं का लिहिलं? तिनं नाही लिहिलं. मी लिहिलं. मधलं वाक्य, मिटला नाही म्हणणारं, ते मी कापलं. मला माझे मार्क बघायचे होते. एवढंच सांगायचं होतं.”

पलीकडं श्वास ऐकू आला. मग वैभवीचा बसका आवाज आला, “तू वेडी आहेस का गं?” आणि फोन बंद झाला. ती शिवी होती की आणखी काही, ते नंदीला कळलं नाही. विचार करायला वेळही नव्हता. आत्ताच बोललं पाहिजे होतं, नाहीतर मग बोलता आलं नसतं.

ती पुढं आली आणि आई-पप्पांच्या समोर, स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली.

“सोमवारी सकाळी अकरा वाजता मी मगदूम सरांबरोबर सांगलीला साहेबांकडं जाणार आहे. त्यांच्यासमोर माझं खातं उघडणार, तिन्ही मसुदे दाखवणार, आणि त्यांनी मानले नाहीत तर मानेपर्यंत तिथंच बसणार. खातं बंद होईल, होऊ दे. दहावी मी पुढच्या वर्षी देईन. आई, तू रडू नको. पप्पा, तुम्ही येणार असाल तर दहाला तयार रहा. मी विचारत नाहीये तुम्हाला. सांगतेय.”